कालवांच्या राजकन्येचं लग्न नक्की कोणाशी झालं? (एक मूकपट, एक व्हिजिटिंग कार्ड आणि भलताच नवरदेव)

तिसरी_घंटा:

गेल्या आठवड्यात ताप होता. वाचवत नव्हतं, आणि कोणी कपात चमचा ढवळला तरी डोकं ठणकत होतं. म्हटलं, आवाजच नसलेलं काहीतरी बघू. लेकाने लॅपटॉप पायाशी आणून ठेवला आणि हाती लागला एर्न्स्ट लुबिचचा १९१९ सालचा जर्मन मूकपट, 'डी आउस्टर्नप्रिंत्सेसिन'. आपल्या भाषेत 'कालवांची राजकन्या' (कालवं म्हणजे ऑयस्टर). जेमतेम तासाभराचा. हसून हसून खोकला वाढला ते सोडा, पण त्यातला एक घोळ डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

(पुढे शेवटापर्यंत सगळं सांगणार आहे. शंभर वर्षं उलटून गेलेल्या सिनेमाचा शेवट फोडला म्हणून कोणी भांडायला येऊ नये.)

मिस्टर क्वेकर हे अमेरिकेचे कालवसम्राट. पहिल्याच दृश्यात ते भल्यामोठ्या दालनात रांगेने बसलेल्या टायपिस्ट बायकांना मजकूर सांगताहेत. चिरूट एवढा अगडबंब की तो धरायला नोकर. ह्या गृहस्थांचं पालुपद एकच: 'ह्याचं मला काही विशेष वाटत नाही.' घर कोसळलं तरी हेच म्हणतील.

घर खरंच कोसळायच्या बेतात आहे, कारण मुलगी ऑसी भडकली आहे. बूटपॉलिशसम्राटाच्या मुलीला काउंट नवरा मिळाला ही बातमी तिने वाचली आणि खोलीचा चुराडा सुरू केला. बाप विचारतो, वर्तमानपत्रं का फेकतेस? ती म्हणते, फुलदाण्या संपल्या म्हणून. बाप म्हणतो, बरं, तुला राजपुत्र आणून देतो. आता तिला आनंदाच्या भरात घर फोडावंसं वाटू लागतं.

राजपुत्र लग्न जुळवणाऱ्या झेलिगझोनकडे मिळतो. प्रिन्स नुकी. नाव मोठं, खिसा फाटका. एका गबाळ्या खोलीत योसेफ ह्या सोबत्याबरोबर राहतो; सोबती म्हणा, नोकर म्हणा, पगार मिळत असेल असं दिसत नाही. झेलिगझोन दाराशी येताच दोघांची जी धांदल उडते! खुर्ची उंचावर चढवून सिंहासन तयार होतं आणि नुकी त्यावर बसून 'दर्शन' देतो.

स्थळ आलंय तर माणूस स्वतः मुलगी बघायला जाईल. नुकी योसेफला पाठवतो, तू जा आणि बघून ये. योसेफ जातो आणि दारात नुकीचं व्हिजिटिंग कार्ड देतो. झालं. कार्डावर प्रिन्स नुकी, कार्डामागे टकलू योसेफ, आणि ह्या दोघांचा मेळ बसतो का हे त्या घरात कोणी विचारत नाही.

इथे एक दृश्य आहे ते मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. ऑसी आत न्हातेय, दासींची पलटण तिला चोळतेय, पुसतेय, अत्तर लावतेय. बाहेर योसेफ ताटकळलाय. दिवाणखाना एवढा की एसटी स्टँड त्यात मावेल. फरशीवर मोठी नक्षी आहे. योसेफ येरझाऱ्या घालतो, कंटाळतो, आणि मग सहज एका रेषेवर पाऊल ठेवतो. मग त्यापुढे दुसरं. रेषा वळते तसा तोही वळतो, आणि बघता बघता हा गृहस्थ मान खाली घालून ती अख्खी नक्षी पायांनी गिरवत सुटतो. लहानपणी देवळात आजीचं दर्शन होईपर्यंत आम्ही काळ्या फरशीवर पाय न देता चालायचो, तेच. एक शब्द नाही, पण हा माणूस ह्या घरातला नव्हे हे लख्ख कळतं.

ऑसी येते, त्याला न्याहाळते, पसंत पडल्याचं काही दिसत नाही, तरी ओढत घेऊन जाते. पाद्री खिडकीतूनच लग्न लावून मोकळा. नाव अर्थातच प्रिन्स नुकी.

दुसरीकडे खरा नुकी रात्रभर मित्रांबरोबर पिऊन तर्र. सकाळी तो जाऊन पडतो कोणाच्या हाती, तर लक्षाधीशांच्या मुलींनी काढलेल्या दारूबंदी मंडळाच्या! देखणा दारुडा बघून प्रत्येकीला तोच सुधारायचाय. मग मुष्टियुद्ध. ऑसी जिंकते, त्याला 'खासगी उपचारासाठी' घरी नेते, दोघं प्रेमात पडतात, आणि 'हाय रे दैवा, माझं तर लग्न झालंय' म्हणून हळहळतात. तेवढ्यात योसेफ येतो, बघतो आणि हसत सुटतो: अहो, तुमचं लग्न कालच झालंय, मी ह्यांच्याच नावाने लावलं!

अशा गोष्टीत सहसा चूक उघडकीला येते, कोणीतरी रडतं, माफी मागतं, मग जोडी जुळते. इथे चूक कोणी दुरुस्तच करत नाही, तीच पुढे जाऊन बरोबर निघते. तर प्रश्न असा: ऑसीचं लग्न झालं कोणाशी? आणि हा प्रेमाचा सिनेमा की प्रेमाची टिंगल?

पाणचट_चहा:

फुलदाण्या संपल्या म्हणून... हसून हसून पुरेवाट.

माझ्या मते लग्न कोणाशीच झालं नाही. जो 'हो' म्हणाला त्याचं नाव कागदावर नाही, ज्याचं नाव कागदावर आहे तो गुत्त्यात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये असेच ठराव पास होतात.

खवट_खोबरं:

पाणचटराव, इतक्या घाईने निकाल देऊ नका. आपल्याकडे खांडा लग्न होतंच की. राजघराण्यांत नवरदेव लढाईवर असो की ऐटीखातर येत नसो, त्याच्याऐवजी त्याची तलवार पाठवायची आणि मुलीचं लग्न तलवारीशी लावायचं. नवरी मात्र तलवारीची नव्हे, राजाची. त्या हिशोबाने योसेफ म्हणजे नुकीचा खांडा. फक्त हा खांडा मांडवात बसून जेवतो आणि टाइट होतो.

अवांतर: आमच्याकडे मालवणात बाया ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडतात. हातांची पार सालटी निघतात. त्या धंद्यात कोणी सम्राट झाल्याचं अजून ऐकलं नाही.

तिसरी_घंटा:

खोबरंभाऊ, खांडा एकदम चपखल! फरक एवढाच की तलवार पाठवताना दोन्हीकडच्यांना ती तलवार आहे हे ठाऊक असतं.

श्टुटगार्टकर:

धागा बघून राहवलं नाही. बारा वर्षं इथे आहे, आणि हा सिनेमा इथल्या एका छोट्या थिएटरात पियानोवाल्यासकट पाहिलाय.

आधी त्या पालुपदाबद्दल. पडद्यावर संवाद छापून येतो त्या मूळ पाटीवर असतं 'दास इम्पोनीर्ट मिअर निश्ट'. तुमचं 'विशेष वाटत नाही' ठीक आहे, पण 'इम्पोनीरेन'मध्ये समोरच्याचा वचक बसणं, दिपून जाणं असंही येतं. 'ह्याने मी दिपत नाही' असं काहीतरी. माझी आजी दुसऱ्याच्या घरचं नवं फर्निचर बघून 'हं' म्हणायची, तो 'हं' म्हणजे क्वेकर.

आता मुख्य मुद्दा. तारीख बघा. सिनेमा आला जून १९१९ मध्ये. त्याआधी सातच महिने, नोव्हेंबर १९१८ मध्ये, कैसर गादी सोडून हॉलंडला गेला आणि जर्मनीतले यच्चयावत राजे, ड्यूक घरी बसले. म्हणजे थिएटरात बसलेल्या बर्लिनकराला फुकट गेलेला राजपुत्र ही कल्पना नव्हती, रस्त्यात भेटणारी वस्तू होती. आणि सिनेमानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, वायमारची राज्यघटना, म्हणजे नव्या जर्मन प्रजासत्ताकाची घटना, आली. तिच्या १०९व्या कलमाने सरदारकीचे विशेष हक्क रद्द केले आणि किताबांबद्दल सांगितलं की ते ह्यापुढे फक्त नावाचा भाग. म्हणजे 'प्रिन्स' हे पद नव्हे, आडनावाचा तुकडा. आजही इथे लोकांच्या आडनावात 'प्रिन्स फॉन अमुक' असतं ते ह्याचमुळे.

घंटाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. ऑसीने नाव विकत घेतलं आणि तिला नावच मिळालं. कार्ड खरं होतं! खोटं काहीच नव्हतं, फक्त ते कार्ड कोणाच्या हातात आहे हे बघायची कोणाला गरज वाटली नाही. घटनेने जे कलम करून लिहिलं ते लुबिचने आधीच विनोद करून दाखवलं होतं.

तिसरी_घंटा:

श्टुटगार्टकर, हे कलम वगैरे मला अजिबात ठाऊक नव्हतं. आता तो सिंहासनाचा प्रसंग वेगळाच दिसायला लागला. खोलीतल्या खुर्चीचं सिंहासन, त्यावर नावाचा राजा.

मधली_सुट्टी:

सगळे लग्न कोणाशी झालं ह्यावर बोलताहेत, जेवणावर कोणीच नाही? लग्नात आपण जातो कशाला?

ऑसीच्या लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांच्या मागे वाढप्यांची भिंत उभी आहे. एक पदार्थ वाढतो, दुसरा उचलतो, सगळं कवायतीसारखं. लग्नाच्या हॉलमध्ये 'जिलबी इकडे आलीच नाही' म्हणून ओरडणाऱ्या माझ्यासारख्याला ते बघून भरून आलं. आणि ह्या सगळ्यात योसेफ काय करतो? खातो. नवरीकडे ढुंकून बघत नाही. त्याला माहीत आहे की असं ताट पुन्हा समोर यायचं नाही. त्या काळी बर्लिनमध्ये रेशनिंग होतं, दोस्तराष्ट्रांची समुद्री नाकेबंदी युद्ध संपल्यावरही १९१९ च्या जुलैपर्यंत उठली नव्हती. बाहेर रांगा आणि पडद्यावर ही पंगत. प्रेक्षक हसले असतील की आवंढे गिळले असतील?

मग पाटी येते की फॉक्सट्रॉटची साथ पसरली. साथ! प्लेगसारखी! पाहुणे नाचतात, वाढपी नाचतात, स्वयंपाकघर नाचतं, जिने नाचतात. वाद्यवृंदात एक जण करवतीने लाकूड कापतोय, एकाच्या थोबाडीत मारून ताल धरलाय. आणि पुढे वाद्यवृंदाचा नायक कंबर हलवत जो काही धुमाकूळ घालतो, तो पोरगा कोण माहितेय? कुर्ट बोइस, वय अठरा. ज्यू असल्यामुळे पुढे हिटलरच्या काळात देश सोडावा लागला, हॉलिवूडला पोचला. 'कासाब्लांका'त सुरुवातीला 'इथे सगळीकडे गिधाडं आहेत, सांभाळा' म्हणत पाकीट मारणारा माणूस आठवतो? तोच. आणि १९८७ च्या 'विंग्ज ऑफ डिझायर'मध्ये बर्लिनच्या मोकळ्या माळरानावर जुना चौक शोधत हिंडणारा म्हातारा, तोही तोच. मी ते दोन्ही सिनेमे आधी पाहिले होते. इथे त्याला कोवळा, वेड्यासारखा नाचताना बघून एकदम गप्प झालो.

पाणचट_चहा:

आँ? तो पाकीटमार? आता सगळं परत बघणं आलं.

आंबट_वरण:

सगळे कौतुकात न्हाऊन निघालेत म्हणून थोडं आंबट.

क्वेकरभोवती चिरूट आणि कॉफी धरून उभे असलेले कृष्णवर्णीय नोकर कोणालाच खटकले नाहीत? ते माणूस म्हणून नाहीतच, टेबल-खुर्च्या आहेत. 'श्रीमंतीची टिंगल' हे मान्य, पण टिंगल श्रीमंताची होते, आणि सामान म्हणून उभा राहतो तो मात्र काळा माणूस.

दुसरं, ही अमेरिका नव्हेच. बर्लिनमध्ये बसून कल्पनेने रंगवलेली अमेरिका. जिथे सगळं दहापट मोठं, सगळं विकाऊ आणि सगळे थोडे खुळे. नुकतंच युद्ध हरलेल्या देशाने जिंकलेल्या देशावर काढलेला राग आहे तो, हसण्याच्या कागदात गुंडाळून.

आणि ऑसी मला आवडली नाही. तासभर आरडाओरडा. मूकपटात आरडाओरडा ऐकू येत नाही तरी डोकं दुखलं.

तिसरी_घंटा:

वरण, नोकरांबद्दल शंभर टक्के मान्य. मलाही ते खुपलं होतं आणि मी लिहिताना 'नोकर' म्हणून पुढे गेले. ती माझी चूक.

ऑसीबद्दल भांडणार मात्र. तिचं काम करणाऱ्या ऑसी ओस्वाल्डाला जर्मनीची मेरी पिकफर्ड (अमेरिकन मूकपटांची लाडकी नायिका) म्हणायचे. पण पिकफर्डसारखी गोड गोड ती नाही. बघा, ह्या सिनेमात बघायला मुलगा येतो, पण बघते ती. पाद्र्याकडे ओढत नेते ती. मारामारी करून नवरा जिंकते ती. ज्या माणसाशी नाव बघून लग्न केलं तो तिला नको होता. ज्याच्यासाठी ठोसे खाल्ले त्याचं नाव तिला ठाऊकच नव्हतं. म्हणून मला शेवटी हा प्रेमाचाच सिनेमा वाटतो. प्रेमात पडताना तिच्याकडे कार्ड नव्हतं.

आंबट_वरण:

हे शेवटचं वाक्य पटलं. आरडाओरड्याबद्दलचं माझं मत कायम.

बोरकूट:

पहिल्यांदाच लिहितेय, वाचनमात्र होते. पण विषयच असा निघाला की आमच्या घरची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

माझ्या मावशीला बघायला आले तेव्हाची. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याचा एक मित्र. मित्र गोरा, उंच, इस्त्रीचा शर्ट. मुलगा बसच्या प्रवासाने पार चुरगळलेला. आजीने पोह्यांची पहिली बशी दिली मित्राला. आजोबांनी नोकरी, पगार, 'पुण्यात स्वतःची जागा आहे का' हे सगळं विचारलं मित्राला. तोही बिचारा संकोचाने उत्तरं देत गेला, कारण पगार विचारला तर सांगायला नको का? खरा मुलगा गप्प पोहे खात होता. मावशी आतून बाहेर आली, ट्रे ठेवला आणि नेमकी खऱ्या मुलासमोर जाऊन म्हणाली, 'तुमच्या पोह्यांवर खोबरं घालायचं राहिलं.' तेवढं एकच वाक्य.

ते गेल्यावर आजोबा म्हणाले, मुलगा छान आहे, उंच आहे. मावशी म्हणाली, बुटकाच बरा आहे. अर्धा तास घरात नुसता गोंधळ. आता लग्नाला सदतीस वर्षं झाली. काका अजूनही पोहे आले की आधी खोबरं बघतात.

खवट_खोबरं:

बोरकूटताई, ह्या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. आणि माझ्या आयडीचा असा सन्मान ह्याआधी झाला नव्हता.

मधली_सुट्टी:

त्या मित्राचं पुढे काय झालं? पगार तर चांगला होता ना?

बोरकूट:

त्याचं लग्न मावशीच्या मैत्रिणीशी झालं. आजोबांनीच जमवलं. चौकशी आधीच झालेली होती.

पाणचट_चहा:

_/\_

आता थोडं गंभीर. ओळखीचा घोळ आणि मूकपट म्हटलं की सगळ्यांना आधी चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' आठवणार, १९३१ चा. आंधळी फुलवाली भटक्याला श्रीमंत समजते. का? तर मोटारीचं दार लागल्याचा आवाज येतो म्हणून. त्या एका प्रसंगासाठी चॅप्लिनने किती वेळा शूटिंग केलं, थांबवलं, पुन्हा केलं, ह्याच्या कहाण्या प्रसिद्धच आहेत. गंमत बघा, मूकपटात सगळा घोळ आवाजावर उभा, आणि तो आवाज आपल्याला ऐकू येत नाही, फक्त दार दिसतं. तिला ऐकू येतं पण दिसत नाही, आपल्याला दिसतं पण ऐकू येत नाही.

लुबिचकडे आवाज नाही, छापील कार्ड आहे. आंधळी कोणीच नाही. सगळ्यांना डोळे आहेत आणि तरी सगळे कार्डच वाचतात.

श्टुटगार्टकर:

वा, पाणचट, आज चहा कडक झालाय.

लुबिचने हे कागदाचं खूळ पुढेही सोडलं नाही. तो १९२२ च्या शेवटी हॉलिवूडला गेला. १९४० मध्ये त्याने 'द शॉप अराउंड द कॉर्नर' केला. बुडापेस्टमधलं एक दुकान, तिथे एकमेकांचं तोंड न बघणारे दोन नोकर, आणि तेच दोघे रात्री निनावी पत्रांतून एकमेकांच्या प्रेमात. पुन्हा कागदावरचा माणूस एक, समोरचा माणूस दुसरा. फक्त १९१९ मध्ये कागद नुसता हसण्यासाठी होता, १९४० मध्ये पत्रपेटीत हात घालून रिकामी खोबण चाचपणारी ती बोटं बघताना घशाशी येतं. लुबिचचा बाप बर्लिनमध्ये शिंपी होता, पोरगा काही दिवस त्याच्या दुकानात होता. दुकानातली माणसं त्याला आतून ठाऊक होती.

मधली_सुट्टी:

सगळं खरं, पण योसेफवर अन्याय झाला असं मला वाटतं. तो गेला म्हणून लग्न झालं, त्याने सांगितलं म्हणून प्रेम जुळलं. त्याच्या वाट्याला काय? एक जेवण.

खवट_खोबरं:

आणि डोकेदुखी.

तिसरी_घंटा:

पण शेवटी सगळ्यात मोठी पाळी क्वेकरचीच येते. नवराबायको जेवणावरून उठून सटकतात, आणि हा कालवसम्राट, ज्याचा चिरूटसुद्धा दुसरे धरतात, तो स्वतः वाकून किल्लीच्या भोकातून आत बघतो. मग आपल्याकडे वळतो आणि तासाभरात पहिल्यांदा म्हणतो: 'ह्याचं मात्र मला विशेष वाटतं!' श्टुटगार्टकरांच्या आजीचा 'हं' इथे 'अरे वा' होतो.

ताप पुन्हा नव्याण्णव आहे. आणखी एखादा सुचवा. आवाज नको, एक तासापेक्षा मोठा नको.

श्टुटगार्टकर:

'इश म्योश्टे काइन मान झाइन', म्हणजे 'मला पुरुष व्हायचं नाही'. १९१८ चा, पाऊण तासाचा, दिग्दर्शक लुबिच आणि नायिका तुमची ऑसीच. पालकाच्या धाकाला कंटाळून ती पुरुषाचा सूट घालून नाचायला जाते. तिथे तोच पालक भेटतो, दोघं मिळून पितात, आणि त्या गृहस्थाला शेजारी बसलंय कोण हे कळत नाही. ह्या वेळी कार्डसुद्धा लागत नाही, टोपी पुरते.

आंबट_वरण:

आरडाओरडा आहे का त्यात?

श्टुटगार्टकर:

कमी आहे. बघा तुम्हीपण.